काचेमागचा बुद्ध कुठून आला? बौद्ध पुरावस्तू समजून घेताना

मे २०२५ मध्ये हाँगकाँगला उत्तर प्रदेशातल्या पिप्राव्याच्या स्तूपातल्या रत्नांचा लिलाव ठरला आणि ‘बुद्धाच्या अस्थींसोबत सापडलेली रत्नं विकायला काढली’ अशी बातमी घरोघरी पोचली. भारत सरकारने कायदेशीर नोटीस पाठवली, सदबीज कंपनीने लिलाव पुढे ढकलला आणि जुलैअखेर गोदरेज समूहाने ती रत्नं विकत घेतल्यावर ती भारतात परत आली. बातमी संपली, पण प्रश्न उरले. भारतात सापडलेली वस्तू परदेशातल्या घरात सव्वाशे वर्षं कशी राहिली? स्तूपात रत्नं कशासाठी ठेवत? आणि मुंबईत काचेच्या पेटीत जी बौद्ध शिल्पं आपण पाहतो, ती मुळात कुठली?

या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. बौद्ध पुरावस्तू ही क्वचितच सुटी, स्वतंत्र वस्तू असते. ती एखाद्या स्तूपाचा, विहाराचा किंवा लेण्याचा सुटलेला भाग असते. कुठून सुटली हे कळलं तर ती बोलते. ते हरवलं तर सुंदर असूनही निम्मी मुकी होते.

सुरुवात स्तूपापासून

स्तूप म्हणजे अस्थी किंवा पूज्य अवशेषांवर रचलेली भरीव वास्तू. आत खोली नसते, त्यामुळे आत जायचं नसतं, भोवती फिरायचं असतं. खालून वर पाहिलं तर आधी जोतं, म्हणजे मेधी. त्यावर घुमटासारखा अंड. अंडावर चौकोनी कठडा, म्हणजे हर्मिका. त्यातून वर गेलेली यष्टी आणि तिच्यावर छत्रं. भोवतीच्या दगडी किंवा लाकडी कुंपणाला वेदिका म्हणतात. दादरच्या चैत्यभूमीवर जाणाऱ्यांना हा आकार ओळखीचा आहे. गोराईच्या पॅगोड्यातही बुद्धाच्या अस्थी ठेवल्या आहेत, मात्र तिथला घुमट मुद्दाम आतून पोकळ बांधला आहे, म्हणजे लोकांना बसून ध्यान करता येईल.

प्राचीन स्तूपात अवशेष ठेवायचे ते करंडकात, म्हणजे झाकणाच्या छोट्या डबीत. बहुतेकदा एकात एक अशा अनेक डब्या असत. बाहेरची साधी, आतली मौल्यवान. सोबत सोन्याची फुलं, मणी, मोती, रत्नं. ही संपत्ती लपवून ठेवलेली नसे, ती वाहिलेली असे. आपण अस्थींवर फुलं वाहतो, तशीच न सुकणारी फुलं त्यांनी वाहिली. म्हणूनच पिप्राव्याची रत्नं ‘दागिने’ म्हणून विकायला ठेवली तेव्हा जगभरचे बौद्ध दुखावले. त्यांच्या दृष्टीने अस्थी आणि त्यांच्यासोबतची फुलं वेगळी करताच येत नाहीत.

सोपारा: एका पेटीत अनेक शतकं

मुंबईजवळचं सगळ्यात बोलकं उदाहरण नालासोपाऱ्याचं. तिथल्या स्तूपाच्या टेकाडाला स्थानिक लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याच्या मध्यातून खणायला सुरुवात केली. आत विटांच्या कप्प्यात गोल दगडी पेटी मिळाली. तिच्यात मधोमध तांब्याचा करंडक आणि त्याच्या भोवती कांस्याच्या आठ बसलेल्या लहान मूर्ती: सात मानुषी बुद्ध, म्हणजे गौतम आणि त्यांच्या आधीचे सहा, आणि आठवा येणारा बुद्ध मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या डबीत काय होतं? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानून जपले होते, असा अंदाज भगवानलालांनी बांधला. पाच आवरणांच्या आत खापराचे तुकडे, आणि भोवती सोन्याची फुलं!

आता जरा खोलात जाऊ, कारण तारखा कशा ठरतात हे इथे नीट दिसतं. करंडकासोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं, जवळजवळ न झिजलेलं. यज्ञश्री दुसऱ्या शतकातला. मग पेटी दुसऱ्या शतकातली म्हणायची का? आठ कांस्यमूर्तींची घडण पाहिली की अडतं. ती शैली आठव्या-नवव्या शतकातली आहे. एकाच पेटीतल्या दोन वस्तूंमध्ये सहा-सातशे वर्षांचं अंतर निघतं. याचा सरळ अर्थ असा की स्तूप नंतर उघडला गेला, जुने अवशेष जसेच्या तसे ठेवले आणि भोवती नव्या मूर्ती बसवून पुन्हा बंद केला.

यातून पुरातत्त्वातला एक पक्का नियम कळतो. नाणं फक्त ‘याच्या आधी नाही’ एवढंच सांगतं, ‘याच वर्षी’ असं सांगत नाही. आणि हा निष्कर्ष काढता आला तो सगळ्या वस्तू कुठे, कशा, कशाजवळ होत्या याची नोंद भगवानलालांनी केली म्हणून. त्याच आठ मूर्ती बाजारात सुट्या मिळाल्या असत्या, तर त्या ‘पश्चिम भारत, आठवं-नववं शतक’ एवढ्यावर थांबल्या असत्या.

सोपाऱ्याचा हा ठेवा फोर्टमधल्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. तो रोजच्या प्रदर्शनात नसतो, त्यामुळे आधी विचारूनच जावं. सोपाऱ्यालाच सापडलेला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मात्र छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. हा तुकडाही १८८२ मध्येच मिळाला, नववा लेख १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला. आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या सफरींवर जात, मी बोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. आपल्या लोकलच्या शेवटच्या काही स्टेशनांपैकी एकाजवळ हे ब्राह्मी लिपीत कोरलेलं होतं, हे मुंबईकरांना शाळेत सांगायला हवं. सहसा सांगत नाहीत.

सिंधचे बुद्ध मुंबईत कसे?

याच वस्तुसंग्रहालयाच्या पुरातत्त्व दालनात मीरपूरखासच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत. मीरपूरखास आज पाकिस्तानात, सिंधमध्ये. तिथला ‘काहू-जो-दडो’ हा विटांचा स्तूप हेन्री कझन्स यांनी १९०९-१० मध्ये खणला. पाचव्या-सहाव्या शतकातल्या या स्तूपाच्या जोत्यात कोनाडे होते आणि कोनाड्यांत ध्यानमुद्रेतले बुद्ध. शिवाय हातात कमळं घेतलेला एक पुरुष आहे. तो बहुधा दान देणारा भक्त असावा. कुरळे केस, कमरेचं वस्त्र आणि रंगाचे अवशेष जवळ जाऊन पाहा. भाजलेल्या मातीच्या मूर्ती मुळात रंगवलेल्या असत, विटकरी रंग हा काळाने उरवलेला.

या मूर्ती मुंबईत आल्या त्यात गूढ काही नाही. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता आणि कझन्स पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम मंडळाचे प्रमुख होते. इलाख्यात सापडलेलं इलाख्याच्या राजधानीत आलं. संग्रहालयाची कोनशिला १९०५ मध्ये बसली आणि १९२२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तेव्हा ही नवी इमारत भरायला अशाच उत्खननांचा माल होता.

शिल्पासमोर उभं राहून काय पाहायचं

बहुतेक जण चेहरा पाहतात, पाटी वाचतात आणि पुढे जातात. चेहऱ्याआधी मागची बाजू, तळ आणि तुटलेल्या कडा पाहिल्या तर जास्त कळतं.

मागची बाजू सपाट, ओबडधोबड असेल तर शिल्प भिंतीला टेकून होतं, म्हणजे स्तूपाच्या अंगावर किंवा कोनाड्यात. तळाला किंवा वर दगडाची खुंटी अथवा खाच असेल तर ते दुसऱ्या दगडात अडकवलेलं होतं. लोखंडी खिळ्याचं भोक असेल तर भोवती तांबूस डाग दिसेल. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड आतून फोडतं, म्हणून अशा भोकांपासून तडे निघालेले असतात.

गांधार शिल्पांची एक खूण फार उपयोगी आहे. गांधार म्हणजे आजचा पेशावर, स्वात, तक्षशिला हा भाग. तिथे पहिल्या ते पाचव्या शतकात करड्या शिस्ट दगडात बुद्धचरित्राचे पट कोरले गेले. हे पट नेहमीच्या सवयीने डावीकडून उजवीकडे वाचले तर गोष्ट उलटी लागते. कारण साधं आहे. प्रदक्षिणा घालताना स्तूप आपल्या उजव्या हाताला असतो. स्तूपाकडे तोंड करून पाहिलं तर आपण डावीकडे सरकत असतो, त्यामुळे पुढचा प्रसंग डाव्या बाजूला येतो. म्हणून उजवीकडून डावीकडे वाचायचं: मायादेवीचं स्वप्न, जन्म, गृहत्याग, बोधी, पहिलं प्रवचन, महापरिनिर्वाण.

पट किंचित वळलेला असेल तर तो गोल स्तूपाचा, आणि मूळ स्तूप केवढा होता हे गणिताने काढता येतं. पटाच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर घ्या आणि मधला फुगवटा मोजा. अंतराचा वर्ग भागिले फुगवट्याची आठपट, म्हणजे साधारण त्रिज्या. अंतर ४० सेंटिमीटर आणि फुगवटा १ सेंटिमीटर असेल तर त्रिज्या २०० सेंटिमीटर, म्हणजे स्तूप सुमारे ४ मीटर व्यासाचा. असा स्तूप मुख्य नसतो. मोठ्या स्तूपाच्या आवारात भक्तांनी बांधलेल्या छोट्या नवसाच्या स्तूपांपैकी तो एक असतो. पट्टीने मोजायला कुणी देणार नाही, पण बाजूने, कडेवर नजर लावून पाहिलं तरी वळण दिसतं.

मुद्रा ओळखणं त्यामानाने सोपं. उजवा हात वर, तळवा समोर: अभय. दोन्ही हात मांडीवर: ध्यान. उजव्या हाताची बोटं जमिनीकडे: भूमिस्पर्श, म्हणजे बोधीचा क्षण. दोन्ही हात छातीशी, बोटं गुंफलेली: धर्मचक्र, उपदेश. डोक्यावरचा उंचवटा तो उष्णीष, भुवयांमधली खूण ती ऊर्णा. मुकुट आणि दागिने असतील तर तो बहुधा बोधिसत्त्व, म्हणजे पुढे बुद्ध होणारा. आणि जिथे बुद्धच दिसत नाही, नुसतं रिकामं आसन, पाऊलखुणा, चक्र किंवा बोधिवृक्ष आहे, ते शिल्प साधारणतः जुन्या परंपरेतलं. भाजे-कार्ल्याच्या पहिल्या टप्प्यातही बुद्धमूर्ती नाही, स्तूप आहे.

नुसतीच डोकी इतकी का?

यामागे दोन कारणं असतात आणि ती वेगवेगळी ओळखावी लागतात. गांधार भागात नंतरच्या काळात चुन्याच्या गिलाव्यात मूर्ती घडवत. धड माती-दगडाच्या गाभ्यावर थापलेलं, डोकं वेगळं आणि काळजीने केलेलं. छप्पर पडलं, पावसाचं पाणी शिरलं की धड विरघळतं आणि डोकं राहतं. ते नैसर्गिक.

दुसरं कारण चोरीचं. डोकं हलकं, लपवायला सोपं आणि किमतीला चढं, म्हणून दगडी मूर्तीची मान कापली जाते. मानेचा भंग पाहा. जुना भंग उंचसखल असतो, त्याच्या कडा झिजलेल्या आणि रंग बाकी दगडासारखाच जुना. ताजा भंग आतून फिका दिसतो, आणि करवतीचा असेल तर सपाट, समांतर रेघांचा. असा काप दिसला की वस्तूचे कागद कितीही नीटनेटके असले तरी शंका घ्यावी.

पाटीवरचं शतक खरं कशावरून? खोटी वस्तू नसेल कशावरून?

हा आक्षेप रास्त आहे. दगडाचं वय लाखो-कोटी वर्षांचं असतं, तो कधी कोरला हे प्रयोगशाळा थेट सांगू शकत नाही. म्हणून दगडी शिल्पाचा काळ ठरतो तो लेखातल्या अक्षरांच्या वळणावरून, शैलीवरून आणि उत्खननातल्या थरावरून. गांधार शैलीच्या बनावट मूर्तींचा बाजार मोठा आहे, कारण तोच शिस्ट आजही मिळतो आणि कारागीरही आहेत. आम्लाने आणि मातीने जुनेपणा चढवता येतो. पण खोल चिरांत हत्याराच्या ताज्या खुणा राहतात, आणि पोशाखाच्या चुण्या ‘कुठेतरी पाहिलेल्या’ वाटतात, पण अंगावर नीट बसत नाहीत.

भाजलेल्या मातीला एक चाचणी आहे: थर्मोल्युमिनेसन्स. मातीतले खनिजकण आसपासच्या सूक्ष्म किरणोत्साराची ऊर्जा साठवत जातात. भट्टीत तापले की साठा शून्य होतो आणि पुन्हा भरायला लागतो. चाचणीत चिमूटभर भुकटी मंद लाल प्रकाशात, न दिसणाऱ्या जागेतून काढतात, तापवतात आणि बाहेर पडणारा प्रकाश मोजतात. जितका प्रकाश, तितका शेवटच्या भाजणीला काळ लोटलेला. ही पद्धत ‘प्राचीन की कालपरवाची’ हे चांगलं सांगते, नेमकं शतक सांगायला कच्ची पडते. मूर्ती आगीत सापडली असेल तर घड्याळ मध्येच शून्य झालेलं असतं. मूर्ती ज्या मातीत पुरलेली होती तिचा किरणोत्सार माहीत नसेल तर हिशेब ढोबळ राहतो. इथेही सापडल्या जागेची नोंदच कामी येते.

म्हणून प्रत्येक वस्तूला नोंद क्रमांक असतो आणि त्यामागे तिचा पूर्वेतिहास: कुठे सापडली, कुणी काढली, कुणाकडून कुणाकडे गेली. जमिनीचा सातबारा आणि फेरफार जसे असतात तशीच ही साखळी. मधला एक फेरफार गायब असेल तर जमीन घेताना आपण थांबतो, मूर्ती घेतानाही तसंच थांबायला हवं.

मग पिप्राव्याची रत्नं परदेशात कायदेशीर होती का?

१८९८ मध्ये विल्यम क्लॅक्स्टन पेपे या जमीनदार इंग्रजाने आजच्या उत्तर प्रदेशात, नेपाळच्या सीमेलगत आपल्या जमिनीवरचा स्तूप खणला. मोठ्या दगडी पेटीत करंडक मिळाले, त्यातल्या एकावर ब्राह्मीत शाक्यांचा उल्लेख असलेला लेख आहे. १८७८ च्या निखात निधी, म्हणजे पुरलेल्या धनाच्या, कायद्याने मालकी सरकारची. सरकारने अस्थी सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, राजे चुलालाँगकॉर्न यांना दिल्या, बहुतेक रत्नं कोलकात्याच्या संग्रहालयात गेली आणि ‘एकसारखी जास्तीची’ म्हणून काही पेपेंकडे राहू दिली. कागदोपत्री ते त्यांच्या कुटुंबाचं झालं. चोरीच्या वस्तूंबाबतचा युनेस्कोचा करार १९७० चा आणि तो मागच्या काळाला लागू नाही. म्हणजे सातबारा स्वच्छ होता, फक्त तो लिहिणारं सरकार परकं होतं. त्यामुळे हा वाद न्यायालयापेक्षा नैतिकतेच्या आणि मुत्सद्देगिरीच्या जोरावर सुटला. माझ्या मते ते बरोबर झालं, पण प्रत्येक वेळी पैसे मोजणारा मिळेल या भरवशावर राहता येणार नाही.

पूजेच्या वस्तू काचेत कोंडल्या का?

हा प्रश्न अनेक उपासक मनापासून विचारतात आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सगळं परत करणं अशक्यही नाही. सांचीजवळ सापडलेले सारिपुत्त आणि मोग्गल्लान या बुद्धाच्या प्रमुख शिष्यांचे अवशेष लंडनच्या संग्रहालयातून परत आले आणि १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात ठेवले गेले. अस्थींबाबत हा मार्ग योग्यच आहे. शिल्पांबाबत अडचण अशी की मूळ स्तूप बऱ्याचदा उरलेलाच नसतो, विटा आसपासच्या घरांत गेलेल्या असतात.

दुसरी बाजू हवामानाची. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते आणि समुद्राचा क्षार सोबत असतो. जुन्या कांस्यात क्लोराइड शिरलेलं असेल तर ओलाव्यात त्याची रासायनिक क्रिया सुरू होते आणि पृष्ठभागावर फिकट हिरवी भुकटी फुलते. याला कांस्यरोग म्हणतात. चांगला जुना हिरवा थर गडद आणि घट्ट असतो, ही भुकटी बोट लावताच निघते आणि खाली खड्डा असतो. उपाय म्हणजे पेटीतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवणं, त्यासाठी तळाशी ओलावा शोषणारं सिलिका जेल.

मातीच्या मूर्तींना वेगळा त्रास. सिंधच्या खारट जमिनीतलं मीठ त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ विरघळतं, खाली आली की पृष्ठभागाजवळ त्याचे खडे बनतात आणि वरचा पापुद्रा ढकलून पाडतात. म्हणून दिवसा एसी आणि रात्री बंद हा प्रकार सतत दमट हवेपेक्षाही घातक. मीठ काढायला मूर्ती शुद्ध पाण्यात भिजवतात, पण रंग उरला असेल तर ते चालत नाही. तेव्हा ओल्या कागदी लगद्याचा लेप लावून मीठ ओढून घेतात, लेप सुकला की काढून नवा, असं अनेकदा. काच ही या सगळ्याचा भाग आहे.

जागेवरच राहिलेलं पाहायचं असेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी आहे. शंभराहून अधिक लेणी, पाण्याच्या टाक्या, दगडी बाक, भिंतीवर दान देणाऱ्यांचे लेख. ३ नंबरचा चैत्य, म्हणजे आत स्तूप असलेलं पूजेचं लेणं, त्याच यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला, ज्याचं नाणं सोपाऱ्याच्या पेटीत होतं. आधी संग्रहालय आणि मग कान्हेरी असा क्रम ठेवला तर सुटे तुकडे कुठे बसतात ते कळतं. उद्यान सोमवारी बंद असतं.

आणि आपल्याच जमिनीत काही सापडलं तर?

वसई-नालासोपारा, कल्याण, ठाणे, चौल या पट्ट्यात पाया खणताना जुन्या विटा, खापरं, कोरीव दगड निघतात. १८७८ चा कायदा सांगतो की दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची. मूर्तींची नोंदणी करावी लागते, विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही.

खणणं तिथेच थांबवा. वस्तू उचलू नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून, आसपासच्या मातीसकट फोटो काढा. पाया किती खोल गेला होता ते लिहून ठेवा. वस्तू आधीच बाहेर निघाली असेल तर धुऊ नका. नाणं चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका, त्याने अक्षरं जातात. मातीची मूर्ती ओली असेल तर उन्हात ठेवू नका, तडकते. सावलीत, कापडाखाली हळूहळू सुकू द्या. तुकडे फेविकॉलने जोडू नका. करंडकासारखं बंद काही असेल तर झाकण मुळीच उघडू नका, आतली धूळसुद्धा पुरावा असते. मग तलाठ्याला कळवा आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.